डोमेन बदललं, साइट उघडते, पण लिंका जुन्याच घरी जातात : कुठे आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

आधी लक्षणं. साइट नव्या डोमेनवर आली आहे, मुखपृष्ठ व्यवस्थित उघडतंय, आणि तरीही यांतलं काहीतरी होतंय का बघा.

- मेनूतल्या एखाद्या लिंकवर क्लिक केलं की ॲड्रेस बारमध्ये पुन्हा जुनं डोमेन येतं.
- मजकूर ठीक आहे, पण काही फोटो दिसतात आणि काही दिसत नाहीत.
- मराठी अक्षरांचा फॉन्ट वेगळाच दिसतो, फोन-ईमेलच्या चिन्हांच्या जागी रिकामे चौकोन आलेत.
- ब्राउझर 'नॉट सिक्युअर' म्हणतो, एसएसएल प्रमाणपत्र बसवलेलं असूनही.
- मुखपृष्ठ चालतं, आतल्या प्रत्येक पानावर ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'.
- लॉगिन केलं की पुन्हा लॉगिनचंच पान, किंवा 'टू मेनी रीडायरेक्ट्स'.
- संपर्काचा फॉर्म भरला जातो, पण मेल कधीच येत नाही.
- व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली तर खाली चित्र येत नाही.
- तुमच्या संगणकावर सगळं छान, आणि दुसऱ्याच्या फोनवर निम्मी साइट तुटलेली.
- काही महिने काहीच तक्रार नाही, आणि जुन्या होस्टिंगची मुदत संपते त्याच दिवशी शेकडो फोटो एकदम गायब.

शेवटचं लक्षण घेऊन माझ्याकडे सर्वांत जास्त लोक येतात. दिवाळी अंक, वाचनालयं, शिक्षणसंस्था, छोटे प्रकाशक यांच्या साइट हलवण्याचं काम मी वर्षानुवर्षं करतो आहे आणि हा दोष दर खेपेला त्याच वाटेने येतो. जुनं डोमेन अजून जिवंत असतं, ते नव्या साइटला गुपचूप फोटो आणि फाइली पुरवत राहतं, आणि सगळ्यांना वाटतं की स्थलांतर पूर्ण झालं. म्हणून या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची तपासणी मी म्हणेन ती एकच : जुनं डोमेन स्वतःच्या संगणकापुरतं बंद करून साइट बघणे. तिच्याकडे लवकरच येऊ.

## लिंकांच्या तीन तऱ्हा

समजा जुनं डोमेन 'जुनेनाव.इन' आणि नवं 'नवेनाव.इन' आहे. दोन्ही नावं फक्त उदाहरणापुरती.

पूर्ण पत्त्याची, म्हणजे ॲब्सोल्यूट लिंक : एचटीटीपीएस://जुनेनाव.इन/अंक/मुखपृष्ठ.जेपीजी. यात डोमेन लिहिलेलंच असतं, त्यामुळे साइट कुठेही न्या, ती जुन्याच दारात जाते.

मुळापासूनची रिलेटिव्ह लिंक : /अंक/मुखपृष्ठ.जेपीजी. सुरुवातीला तिरकी रेघ असते. पान ज्या डोमेनवर उघडलं असेल त्याच्या मुळापासून ती मोजली जाते. डोमेन बदललं तरी टिकते, पण साइट उपफोल्डरमध्ये गेली किंवा उपफोल्डरमधून बाहेर आली की तुटते.

पानापासूनची रिलेटिव्ह लिंक : नुसतं मुखपृष्ठ.जेपीजी, किंवा आधी दोन टिंबं आणि तिरकी रेघ. हा 'इथून दोन घरं सोडून' अशा धर्तीचा पत्ता आहे, विचारणारा कुठे उभा आहे त्यावर त्याचा अर्थ ठरतो. अख्खं फोल्डर जसंच्या तसं हलवलं तर ती टिकते. पानांची मांडणी बदलली की तुटते.

डोमेन बदलताना पहिल्या तऱ्हेचा त्रास होतो आणि फोल्डर बदलताना उरलेल्या दोन्हींचा. लोक दोन्ही बदल एकाच वेळी करतात आणि मग कोणती चूक कशामुळे झाली ते उलगडत नाही. शक्य असेल तर आधी फक्त डोमेन बदला, सगळं नीट चालू द्या, मग मांडणीला हात लावा.

## कशालाही हात लावण्याआधी

डेटाबेसची पूर्ण प्रत आणि फाइलींची पूर्ण प्रत घ्या, आणि ती होस्टिंगवर न ठेवता आपल्या संगणकावर उतरवून घ्या. खाली एक पायरी अशी आहे की ती चुकली तर मागे फिरायला ही प्रत सोडून दुसरा रस्ता नाही.

## पहिली तपासणी : ब्राउझरची आठवण पुसा

फुकट आणि अर्ध्या मिनिटाची. प्रायव्हेट किंवा इनकॉग्निटो खिडकी उघडा आणि साइट बघा. मग मोबाइलच्या नेटवर, वायफाय बंद करून बघा.

३०१ हा कायमचा रीडायरेक्ट आहे, म्हणजे एका पत्त्यावरून दुसऱ्यावर कायमचं पाठवणं, आणि ब्राउझर तो लक्षात ठेवतो. तुम्ही सर्व्हरवर चूक दुरुस्त केली तरी तुमचा ब्राउझर सर्व्हरला न विचारताच जुन्या वाटेने जात राहू शकतो. दुरुस्त झालेली साइट पुन्हा पुन्हा 'दुरुस्त' करत बसलेले लोक मी पाहिलेत. साइटवर कॅशचं (पानांच्या साठवलेल्या प्रतींचं) प्लगइन असेल किंवा मध्ये सीडीएन (ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून साइट पुरवणारी सेवा) असेल तर तिथलीही कॅश याच वेळी रिकामी करा.

## दुसरी तपासणी : पानाच्या सोर्समध्ये जुनं नाव शोधा

पान उघडा, कंट्रोल आणि यू दाबा, सोर्स दिसेल. त्यात कंट्रोल-एफ करून जुन्या डोमेनचं नुसतं नाव शोधा, आधीचं एचटीटीपीएस किंवा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' न लावता. मुखपृष्ठावर थांबू नका. एक जुना लेख, एक फोटोंचं पान, एक संपर्काचं पान, एवढी तरी बघा.

जुनं नाव कुठे सापडलं यावरून पुढची वाट कळते. लेखाच्या मजकुरात आणि फोटोंच्या पत्त्यांत असेल तर डेटाबेस. प्रत्येक पानावर त्याच ठिकाणी, म्हणजे लोगो, मेनू, तळटीप यांत असेल तर थीम किंवा सेटिंग. पानाच्या डोक्यात कॅनॉनिकल (सर्च इंजिनसाठी पानाचा मुख्य पत्ता) किंवा ओजी (लिंक पाठवल्यावर दिसणारं चित्र-मथळा) नावाच्या ओळींत असेल तर एसईओचं, म्हणजे सर्च इंजिनसाठीचं, प्लगइन किंवा टेम्प्लेट.

याच वेळी 'बेस' नावाचा टॅग आहे का तेही बघा. तो क्वचित सापडतो, पण सापडला की बऱ्याच कोड्यांचं उत्तर देतो. या एका ओळीत जुनं डोमेन राहिलं असेल तर पानावरच्या सगळ्या रिलेटिव्ह लिंका जुन्या डोमेनपासून मोजल्या जातात. कोडमध्ये लिंक निर्दोष दिसते आणि क्लिक केलं की जुन्या साइटवर जाते.

सोर्समध्ये 'लोकलहोस्ट' हा शब्दही शोधा. घरच्या संगणकावर झॅम्पवर (संगणकालाच सर्व्हर बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) साइट बांधून मग होस्टिंगवर चढवणाऱ्यांच्या बाबतीत हे हमखास निघतं. बांधणाऱ्याच्या संगणकावर झॅम्प चालूच असतं, त्यामुळे त्याला सगळे फोटो दिसतात आणि बाकी जगाला एकही दिसत नाही. वर सांगितलेलं 'माझ्याकडे चालतंय' हे लक्षण बहुतेक वेळा इथून येतं.

## तिसरी तपासणी : जुनं डोमेन स्वतःपुरतं मारून टाका

ही खरी परीक्षा आणि हीसुद्धा फुकट. प्रत्येक संगणकात होस्ट्स नावाची एक साधी मजकूर फाइल असते. एखाद्या डोमेनचा पत्ता जगाला विचारण्याआधी संगणक या फाइलीत बघतो. विंडोजमध्ये ती सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या वाटेने सापडते. लिनक्स आणि मॅकवर ईटीसी फोल्डरमध्ये. विंडोजवर नोटपॅड 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा, नाहीतर फाइल सेव्ह होणार नाही. शेवटी दोन ओळी वाढवा :

०.०.०.० जुनेनाव.इन
०.०.०.० डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.जुनेनाव.इन

प्रत्यक्षात अर्थातच आकडे आणि नाव इंग्रजी अक्षरांत टाकायचे. पुष्कळ ठिकाणी इथे १२७.०.०.१ लिहायला सांगतात. तेही चालतं, पण तुमच्या संगणकावर झॅम्प चालू असेल तर ते उत्तर देऊन बसेल आणि निकाल गोंधळात टाकेल.

ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा आणि नवी साइट फिरा. आता जे फोटो दिसत नाहीत, जी बटणं मरतात, जो फॉन्ट बदलतो, ते सगळं आजवर जुन्या डोमेनच्या जिवावर चाललं होतं. एफ१२ दाबून नेटवर्क नावाच्या टॅबमध्ये गेलात तर अडकलेली प्रत्येक फाइल तिच्या पत्त्यासकट लाल रंगात दिसेल. ती यादी उतरवून ठेवा, पुढचं सगळं काम त्या यादीवरून चालेल.

जुन्या डोमेनवर तुम्ही रीडायरेक्ट लावलेला असला तरी ही तपासणी टाळू नका. रीडायरेक्टमुळे फोटोची जुनी लिंक जुन्या सर्व्हरला हेलपाटा मारून नव्यावर पोचते आणि फोटो दिसतो. म्हणजे दोष झाकला जातो, जात नाही. शिवाय दोन गोष्टी रीडायरेक्ट असूनही तुटतात आणि त्यांचं कारण लोकांना सापडत नाही.

एक म्हणजे फॉन्ट. दुसऱ्या डोमेनवरून आलेला फॉन्ट ब्राउझर त्या सर्व्हरने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय वापरत नाही, या नियमाला कॉर्स म्हणतात. फोटोंना तो लागू नाही. म्हणून जुन्या सर्व्हरवरून फोटो येतात, पण मराठी फॉन्ट येत नाही आणि चिन्हांचे चौकोन होतात.

दुसरी गोष्ट फॉर्म. फॉर्म जिथे पाठवायचा तो पत्ता पूर्ण लिहिलेला आणि जुना असेल, तर भरलेली माहिती आधी जुन्या डोमेनकडे जाते. तिथे ३०१ मिळाला की ब्राउझर नव्या पत्त्यावर साधी विनंती पाठवतो आणि भरलेला मजकूर वाटेत गळतो. माणसाला वाटतं फॉर्म गेला, तुमच्याकडे काहीच येत नाही. शाळेच्या प्रवेश-चौकशीचे फॉर्म असे हरवले तर ते कधी कळतही नाही. त्यासाठी संपर्काचा फॉर्म स्वतः भरून, मेल आल्याची खात्री करूनच पुढे जा.

काम संपलं की होस्ट्समधल्या त्या दोन ओळी काढायला विसरू नका, नाहीतर पुढे रीडायरेक्टची तपासणी करताना तुमचाच संगणक तुम्हाला चुकीचं सांगेल.

## चौथी तपासणी : साइटला स्वतःचं नाव माहीत आहे का

वर्डप्रेसमध्ये सेटिंग्ज, जनरल इथे दोन पत्ते असतात. डेटाबेसच्या ऑप्शन्स तक्त्यात ते 'साइटयूआरएल' आणि 'होम' या नावांनी असतात. दोन्ही नवे हवेत आणि दोन्हींत एचटीटीपीएस व 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' यांबाबत एकवाक्यता हवी. एकात 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' आहे, दुसऱ्यात नाही, आणि होस्टिंगच्या पॅनेलमध्ये तिसराच नियम लावलेला आहे, असं झालं की लॉगिनची चक्रं सुरू होतात. ॲडमिनमध्ये शिरताच येत नसेल तर वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलीत हे दोन पत्ते पक्के लिहून तात्पुरतं आत जाता येतं. तिथे आधीच कुणी जुने पत्ते पक्के लिहून ठेवले असतील तर ॲडमिनमधले रकाने राखाडी दिसतात आणि बदलता येत नाहीत, हीच त्याची खूण.

आतल्या पानांवर ४०४ येत असेल तर आधी सेटिंग्ज, पर्मालिंक्स इथे जाऊन काहीही न बदलता सेव्ह दाबा. वर्डप्रेस त्याचे नियम नव्याने लिहितं. हे नियम टिंबाने सुरू होणाऱ्या एचटीॲक्सेस फाइलीत असतात. ती लपलेली असते, त्यामुळे फाइली उतरवताना ती बऱ्याचदा मागेच राहते. त्याचं हे औषध.

ह्यूगो किंवा जेकिलसारख्या, डेटाबेसशिवाय तयार पानं बांधून देणाऱ्या साधनांनी बांधलेल्या साइटला बेसयूआरएल नावाची एक सेटिंग असते. ती बदलून साइट पुन्हा बांधा, बहुतेक काम तिथेच संपतं. गिटहबवर प्रकल्पाच्या नावाच्या उपफोल्डरमध्ये चालणारी साइट स्वतःच्या डोमेनवर आणताना, किंवा उलट, मुळापासूनच्या लिंका तुटतात. त्या हाताने न लिहिता साधनाने दिलेल्या रीतीने लिहिल्या असतील तर हा प्रश्नच येत नाही.

## पाचवी तपासणी : डेटाबेसमधले जुने पत्ते

वर्डप्रेसमध्ये लेखात फोटो घातला की त्याचा पूर्ण पत्ता, डोमेनसकट, लेखाच्या मजकुरात लिहिला जातो. दहा वर्षांची साइट असेल तर असे हजारो पत्ते असतात आणि ते एकगठ्ठा बदलावे लागतात. इथेच सर्वांत जास्त नुकसान होतं, म्हणून जरा सावकाश.

डेटाबेस उतरवून, नोटपॅडमध्ये उघडून, 'फाइंड अँड रिप्लेस' करून पुन्हा चढवू नका. याला दोन कारणं आहेत.

विजेट, थीमच्या सेटिंग, स्लायडर हे सगळं पीएचपी (वर्डप्रेसची प्रोग्रॅमिंग भाषा) एका खास रूपात साठवतं. प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी लिहिलेली असते. पत्ता २२ अक्षरांचा असेल तर आधी २२ हा आकडा. तुम्ही पत्ता बदलून २७ अक्षरांचा केलात आणि आकडा २२ च राहिला, की पीएचपी तो अख्खा गठ्ठा अमान्य ठरवतं. चूक झाल्याचा संदेशही बहुधा येत नाही, विजेट नुसते नाहीसे होतात. आकडा हाताने दुरुस्त करू म्हणाल तर तो बाइटमध्ये मोजलेला असतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि अनुस्वारासकट, ३ बाइटचं. 'मुखपृष्ठ' मोजताना ८ चिन्हं आणि २४ बाइट होतात. एक-दोन ठिकाणी जमेल, शेकडो ठिकाणी नाही.

दुसरं कारण एन्कोडिंगचं, म्हणजे अक्षरं फाइलीत कोणत्या संकेतांनी साठवायची त्या पद्धतीचं. फाइल चुकीच्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह झाली की सगळं मराठी बिघडतं. मराठीच्या जागी युरोपीय अक्षरांचा खिचडा दिसत असेल तर मूळ मजकूर बहुधा परत मिळवता येतो. पण नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील आणि तीच डेटाबेसमध्ये साठली असतील, तर मूळ अक्षरं गेलेली आहेत आणि फक्त बॅकअप कामाला येईल.

बरोबर रस्ता असा. होस्टिंगवर टर्मिनल मिळत असेल तर डब्ल्यूपी-सीएलआयचा (वर्डप्रेसला टर्मिनलवरून हुकूम देण्याच्या साधनाचा) सर्च-रिप्लेस वापरा. मिळत नसेल तर बेटर सर्च रिप्लेस हे प्लगइन. दोन्ही लांबीचे आकडे सांभाळतात आणि दोन्हींत 'ड्राय रन' आहे, म्हणजे काहीही न बदलता किती ठिकाणी बदल होईल ते दाखवतात. तो आधी चालवा आणि आकडा पटतो का बघा. दहा वर्षांच्या साइटमध्ये ३ च ठिकाणी बदल होणार असं आलं तर तुम्ही चुकीचं रूप शोधताय.

काय शोधायचं तेही विचार करून ठरवा. नुसतं 'जुनेनाव.इन' शोधून बदललंत तर संपर्क@जुनेनाव.इन हा मेलचा पत्ताही बदलेल, आणि नव्या डोमेनवर तशी मेलपेटी नसेल तर पत्रं परत जातील. म्हणून दोन तिरक्या रेघांसकट शोधा : //जुनेनाव.इन. यात मेलचे पत्ते सुटतात, आणि नव्या नावात जुनं नाव दडलेलं असेल, जसं 'पुस्तक.इन'चं 'मराठीपुस्तक.इन' झालं असेल, तर हुकूम चुकून दोनदा चालला तरी 'मराठीमराठीपुस्तक' होत नाही. मग 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' असलेलं रूप वेगळं. मग एलिमेंटरसारख्या पानबांधणीच्या साधनांसाठी तिसरं रूप, कारण ती तिरक्या रेघेआधी उलटी रेघ लावून पत्ते साठवतात आणि साध्या शोधात ते निसटतात. एलिमेंटरच्या टूल्समध्ये पत्ते बदलण्याची स्वतःची सोय आहे, ती वापरा आणि नंतर त्याच्या सीएसएस (पानाचं रूप ठरवणाऱ्या) फाइली पुन्हा तयार करायला सांगा. पार्श्वभूमीची चित्रं त्या फाइलींत पूर्ण पत्त्याने असतात.

शेवटी एक फेरी एचटीटीपी://नवेनाव.इन शोधून त्याचं एचटीटीपीएस करण्याची. डोमेन बदललं तरी जुन्या लेखांत 'एस' नसलेले पत्ते राहतात आणि 'नॉट सिक्युअर'चं कारण बहुतेक वेळा हेच असतं. अशा स्क्रिप्ट आणि सीएसएस ब्राउझर सरळ अडवतो.

डोमेन .भारत या शेवटाचं असेल तर त्याची दोन रूपं असतात, एक देवनागरी आणि एक 'एक्सएन' अक्षरांनी सुरू होणारं. डेटाबेसमध्ये दोन्ही सापडू शकतात, दोन्ही शोधा. मराठी मथळ्यांवरून बनलेले लेखांचे पत्तेही वर्डप्रेस टक्के-चिन्हांच्या रूपात साठवतं. देवनागरीच्या एका चिन्हाला तिथे ९ जागा लागतात आणि रकाना २०० चा असतो, म्हणून लांब मराठी मथळ्याचा पत्ता साधारण २२ चिन्हांवर मध्येच तुटलेला दिसतो. तो स्थलांतराचा दोष नव्हे. तो 'नीट' करायला जाऊ नका, चालणाऱ्या लिंका माराल.

पोस्ट्स तक्त्यातला 'जीयूआयडी' रकाना बदलातून वगळा. त्यात पत्त्यासारखं काही दिसतं, पण ती लेखाची ओळख आहे. फीडमधून वाचणाऱ्यांची साधनं तिच्यावरून लेख जुना की नवा ठरवतात, ती बदलली की सगळे जुने लेख पुन्हा नवे म्हणून त्यांच्यापुढे येतात. साइट अजून कधीच लोकांपुढे आली नसेल तर मात्र बदलली तरी हरकत नाही.

## सहावी तपासणी : फाइलींमधले पत्ते

डेटाबेस स्वच्छ झाला आणि तरी होस्ट्सच्या परीक्षेत काही अडकतंय, तर ते थीमच्या किंवा सीएसएस-जावास्क्रिप्टच्या फाइलीत हाताने लिहिलेलं आहे. थीमचं फोल्डर संगणकावर उतरवा आणि व्हीएस कोडसारख्या संपादकात सगळ्या फाइलींत एकदम जुनं नाव शोधा.

सीएसएसमधला रिलेटिव्ह पत्ता पानापासून मोजला जात नाही, त्या सीएसएस फाइलीपासून मोजला जातो. फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात गेली, किंवा तिच्यातला मजकूर उचलून पानात घातला, की आतली चित्रं आणि फॉन्ट तुटतात. जावास्क्रिप्टने मागवलेली माहिती मात्र पानापासून मोजली जाते. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये असूनही वागणूक वेगळी, त्यामुळे इथे माणूस फार गोंधळतो.

हाताने लिहिलेल्या जुन्या साइटमध्ये आणखी दोन गोष्टी. पान '/अंक/२०२३/' या पत्त्यावर असेल तर 'मुखपृष्ठ.जेपीजी' ही लिंक '/अंक/२०२३/मुखपृष्ठ.जेपीजी' होते. तेच पान शेवटच्या रेघेशिवाय '/अंक/२०२३' असं उघडलं तर ती '/अंक/मुखपृष्ठ.जेपीजी' होते, आणि तिथे काही नसतं. नव्या सर्व्हरचा शेवटच्या रेघेबद्दलचा नियम वेगळा असला की एका रात्रीत सगळी चित्रं जातात. दुसरी गोष्ट, विंडोजच्या सर्व्हरवरून लिनक्सवर येताना फाइलींच्या नावातली इंग्रजी मोठी-लहान अक्षरं महत्त्वाची ठरतात. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलीचा शेवट मोठ्या अक्षरांत आणि लिंकमधला लहान अक्षरांत, एवढ्यावर फोटो अडतो. त्याचा डोमेनशी संबंध नाही, पण नेमका त्याच दिवशी उघडा पडतो.

मग कोणत्या लिंका कशा ठेवाव्यात? हाताने किंवा ह्यूगोसारख्या साधनाने बांधलेल्या साइटमध्ये आतल्या लिंका मुळापासूनच्या रिलेटिव्ह ठेवा. कॅनॉनिकल, ओजीचं चित्र, साइटमॅप, भाषांच्या पर्यायी पानांच्या ओळी, फीड आणि मेलमधून जाणारा मजकूर इथे पूर्ण पत्ताच हवा, तिथे रिलेटिव्ह चालत नाही. व्हॉट्सॲपवर चित्र न येण्याचं नेहमीचं कारण ओजीच्या ओळीतला जुना किंवा अर्धा पत्ता हेच असतं. वर्डप्रेसमध्ये मात्र सगळ्या लिंका रिलेटिव्ह करणारी प्लगइनं बसवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. ते मुळात पूर्ण पत्त्यांवर चालतं. त्याच्याशी झगडण्यापेक्षा डोमेन बदलेल तेव्हा एकदा नीट सर्च-रिप्लेस करणं सोपं.

## सातवी तपासणी : जुन्या दारावरची पाटी

आतल्या लिंका तुम्ही दुरुस्त केल्या. पण व्हॉट्सॲपच्या गटांत फिरलेल्या, इतरांच्या साइटवरच्या, छापील अंकातल्या क्यूआर कोडमधल्या लिंका तुमच्या हातात नाहीत. त्यांच्यासाठी जुन्या डोमेनवर ३०१ रीडायरेक्ट हवा, आणि तो प्रत्येक पानाचा त्याच्या त्याच पानावर. सगळं उचलून नव्या मुखपृष्ठावर आणून सोडणारा रीडायरेक्ट वाचकाच्या कामाचा नाही, आणि गूगलही अशी पानं हरवलेली धरतं.

पाच-सहा जुन्या लिंका हाताने उघडून बघा, त्यातली निदान एक मराठी पत्त्याची असू द्या. ॲड्रेस बारमध्ये प्रत्येक टक्के-चिन्हापुढे २५ दिसायला लागले तर पत्ता दोनदा एन्कोड होतोय, नियमात दुरुस्ती लागेल. चाचणी चालू असेपर्यंत ३०२, म्हणजे तात्पुरता रीडायरेक्ट, ठेवा, खात्री झाली की ३०१ करा, म्हणजे चुकीचा नियम लोकांच्या ब्राउझरमध्ये रुतून बसणार नाही.

गूगल सर्च कन्सोलमध्ये दोन्ही डोमेनची मालकी सिद्ध करून पत्ता बदलल्याची नोंद करा. चाचणीच्या काळात 'सर्च इंजिनांना येऊ देऊ नका' हा वर्डप्रेसचा पर्याय लावला होता का, तो अजून तसाच आहे का, तेही त्याच बैठकीत बघा. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं. मी म्हणेन, परवडत असेल तोवर जुन्या डोमेनचं नूतनीकरण करत राहा. ते सोडलंत तर उद्या कुणीही विकत घेऊ शकतं, आणि तुमच्या साइटवर जुन्या पत्त्याची एखादी स्क्रिप्ट राहून गेली असेल तर नव्या मालकाला तुमच्या वाचकांच्या ब्राउझरमध्ये हवं ते चालवता येईल.

रीकॅप्चा (फॉर्मवरची 'मी रोबो नाही' ही तपासणी), नकाशाची की, गूगल किंवा फेसबुकने लॉगिन या सेवांनाही डोमेन नोंदवलेलं लागतं. त्या त्यांच्या त्यांच्या पॅनेलमध्ये जाऊन बदला. साइटमध्ये शोधून त्या सापडणार नाहीत.

## इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

साइटवरून पैसे घेतले जात असतील, वर्गणी असो, देणगी असो की पुस्तकविक्री, तर स्वतः सर्च-रिप्लेस करू नका. पेमेंट गेटवे व्यवहार झाल्याचा निरोप ठरलेल्या पत्त्यावर पाठवतो. तो पत्ता चुकला तर लोकांचे पैसे कापले जातात आणि ऑर्डर नोंदली जात नाही. शिवाय काम चालू असताना आलेल्या ऑर्डरी जुन्या डेटाबेसमध्ये राहून जातात, त्या जुळवणं अनुभवाचं काम आहे.

वर्डप्रेस मल्टिसाइट, म्हणजे एकाच वर्डप्रेसवर अनेक साइट, असेल तर थांबा. तिथे डोमेन अनेक तक्त्यांत आणि कॉन्फिग फाइलीतही असतं, एक राहिलं की सगळ्याच साइट बंद पडतात.

सोर्समध्ये जुनं नाही, नवं नाही, असं तिसरंच अनोळखी डोमेन सापडलं, किंवा फक्त मोबाइलवरून आलेला वाचक भलत्याच साइटवर जातोय, तर हा लिंकांचा प्रश्न नाही. साइटमध्ये कुणीतरी शिरलंय. काही पुसू नका, पासवर्ड बदला आणि सुरक्षेचं काम करणाऱ्याला दाखवा.

डोमेनसोबत संस्थेची मेलही हलणार असेल आणि डीएनएसमधल्या एमएक्स नोंदी म्हणजे काय हे माहीत नसेल, तर तेवढ्या कामापुरता माणूस घ्या. तुटलेला फोटो उद्या दुरुस्त होतो, परत गेलेलं पत्र पाठवणारा पुन्हा पाठवेलच असं नाही.

आणि बॅकअप नसताना सर्च-रिप्लेस चालवून साइट मोडली असेल तर पुढचा कोणताही प्रयोग न करता आधी होस्टिंगवाल्यांना फोन करा. बऱ्याच कंपन्या काही दिवसांच्या प्रती ठेवतात, पण त्या नव्या प्रतींनी पुसल्या जातात, म्हणून त्याच दिवशी विचारा.

ज्याला बोलवाल त्याला या गोष्टी तयार ठेवून द्या : जुन्या आणि नव्या डोमेनचं लॉगिन कुणाकडे आहे, दोन्ही होस्टिंगची मुदत कधी संपते, बदलाआधीचा बॅकअप, होस्ट्सच्या परीक्षेत अडकलेल्या फाइलींची यादी, आणि आतापर्यंत कोणते हुकूम कोणत्या क्रमाने चालवले त्याची नोंद.